अडतीस रिकामे बूट

संत तुकाराम नगर, पिंपरी
रविवार, ७ डिसेंबर २०२५

प्रिय गोरक्षदादा,

नमस्कार. अण्णांचा गुडघा कसा आहे? थंडी पडली की त्यांना उंबरासुद्धा जड जातो. पुनमवहिनींना आणि दीक्षाला आठवण सांग. आम्ही दोघं नवराबायको इकडे बरे आहोत. गणराजची हिंजवडीची कॅब सकाळी साडेसहाला येते आणि संध्याकाळी तो घरी कधी पोचणार हे वाकडचा पूल ठरवतो. बाकी विशेष नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. पण फोन तू उचलत नाहीस, मेसेजपुढे दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे काही येत नाही. कंपनीत तर आपण कामाखेरीज बोलतच नाही. म्हणून टपालाने पाठवते.

काल सकाळी तुझ्या बुटात चॉकलेटचं पाकीट नव्हतं. तुझ्यासारख्या आणखी सदतीस जणांच्या बुटांत नव्हतं. पाकिटं कमी आली होती. ज्याच्याकडून मागवली त्याने मोजण्यात घोळ घातला, आणि सकाळी सहाला दुसरी कुठून आणणार? एवढंच झालं. त्यावरून लाइनवर जे काय बोललं जातंय ते मनावर घेऊ नकोस.

दीक्षासाठी एक पाकीट सोबत पाठवते. दरवर्षी तू तुझं न फोडता तिच्यासाठी घरी नेतोस हे मला माहीत आहे.

यंदा तेवीस तारखेच्या नाताळच्या कार्यक्रमात मला बोलायचं आहे. आमच्या एचआरच्या सिद्धेश सरांनी विषय दिलाय: नाताळच्या प्रथा कुठून आल्या, आणि माझं यश. दोन्ही पंधरा मिनिटांत. पहिला भाग क्राउस साहेबांना आवडावा म्हणून, कारण ते जर्मन आहेत आणि प्लांट त्यांचा आहे. दुसरा आपल्या लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून. सर म्हणाले, "तुम्ही इथल्या गावातल्या, निघोज्याच्या. पोरांना तुमच्यात स्वतःला बघता आलं पाहिजे."

बुटांची गोष्ट मी दरवर्षी माइकवर सांगते. यंदा नीट वाचली. आज जिथे तुर्कस्तान आहे तिथे मायरा नावाचं गाव होतं. सतराशे वर्षांपूर्वी तिथे निकोलस नावाचा बिशप होता. शेजारी एकाच्या तीन मुलींची लग्नं गरिबीमुळे अडली होती. निकोलसने खिडकीतून सोन्याची थैली आत टाकली आणि ती वाळत घातलेल्या पायमोज्यात पडली, असं सांगतात. कोणी म्हणतं बुटात. तेव्हापासून त्याच्या नावाने जर्मनीतली मुलं बूट घासूनपुसून दाराशी ठेवतात आणि सहा डिसेंबरला सकाळी त्यात खाऊ सापडतो. त्याचा एक काळ्या झग्यातला सोबतीही असतो, तो वात्रट मुलांच्या बुटात काठी ठेवतो. निकोलसला आपलं नाव कुणाला कळू द्यायचं नव्हतं, हे मला त्यात सगळ्यांत आवडतं.

आपल्याकडे साहेबांनी सेफ्टी शूजवर भागवलं. आदल्या दिवशी शिफ्ट सुटताना बूट पुसून आपापल्या टोकन नंबरच्या खणात ठेवायचे, सकाळी आत पाकीट. पहिल्या वर्षी तू म्हणाला होतास, "बारा तास पाय कोंडलेल्या बुटात चॉकलेट. खाणार कोन?" तरी सगळ्यांत चकचकीत बूट तुझेच होते.

काल मी रॅकपाशीच उभी होते. तू बूट उचललास, उलटा करून झटकलास. शेजारचा शेखर म्हणाला, "भाऊ, उंदरानं नेलं वाटतं." सगळे हसले. मग तू आजूबाजूच्या खणांत डोकावलास. तुझं बघून बाकीचेही बघायला लागले आणि हसणं थांबलं. तू माझ्याकडे वळून शांतपणे म्हणालास, "मॅडम, काठी तरी ठिवायची व्हती."

मी "बघते काय झालंय ते" म्हणाले आणि ऑफिसात गेले.

पाकिटं कमी पडली होती, दादा. एवढंच.

तुझी,
तनुजा



संत तुकाराम नगर
रविवार, १४ डिसेंबर

प्रिय दादा,

पुनमवहिनींचा फोन आला होता. पत्र पोचलं म्हणाल्या. "दोन डाव वाचलं त्यांनी. मग म्हनले, मॅडमचं अक्षर अजून झ्याक हाय."

मी विचारलं, आणखी काय म्हणाला?

"काय न्हाई. चाकलेटं अण्णांनी खाल्ली. कडू हाय म्हनले, आन् दुसरं मागितलं."

मी हसले, त्याही हसल्या. दीक्षाने खाल्लं का ते विचारायचं धाडस झालं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पाकिटं कमी आली नव्हती. एकशे ब्याऐंशी मागवली, एकशे ब्याऐंशी आली. उरलेल्या अडतीसमधलं एक दीक्षाला पाठवलं, बाकी सदतीस माझ्या ऑफिसच्या कपाटात आहेत. कपाट उघडलं की वास येतो.

शुक्रवारी माझ्या टेबलावर दोन कागद होते. एकावर सगळ्यांचे टोकन नंबर. दुसऱ्यावर जानेवारीपासून जे राहणार त्यांचे. कागद सारखेच दिसतात, नावं नाहीत, नुसते आकडे. हाउसकीपिंगच्या यशोदाबाई पाकिटं ठेवायला निघाल्या, तेव्हा मी फोनवर बोलत बोलत त्यांच्या हातात दुसरा कागद दिला. शनिवारी गोंधळ झाल्यावर बिचाऱ्या रडवेल्या होऊन आल्या. "म्या तर लंबर बघू बघू ठिवलं, मॅडम. येक बी चुकलं न्हाई." खरंच, त्यांचं एकही चुकलं नव्हतं.

उद्या नोटीस लागेल. वेल्डिंगची दुसरी लाइन दुसऱ्या राज्यात जाते आहे. कंत्राटं एकतीस तारखेला संपतात, त्यातली अडतीस माणसांची पुढे वाढणार नाहीत. हे तुम्हाला नीट समोर बसवून सांगायचं ठरलं होतं. सिद्धेश सरांनी वाक्यंसुद्धा लिहून ठेवली होती. काही माणसं कमी होणार अशी कुजबुज लाइनवर होतीच; कोण, ते तुम्हाला बुटात हात घालून कळलं.

आता हेही लिहिते. मला हे ऑक्टोबरपासून माहीत होतं. बाहेर बोलणार नाही असं सही करून दिलं होतं. भाऊबीजेला तुला ओवाळलं तेव्हा माहीत होतं. तू अण्णांना सांगत होतास, "यंदा लाइन लई पळतीय. ओव्हरटाइम बी भरपूर हाय." अण्णा म्हणाले, "मंग आता पोरीला सायकल घे." मी करंज्यांचं ताट पुढे केलं. जाणाऱ्या लाइनचा साठा करून ठेवायचा होता म्हणून ती पळत होती.

भाषणाची तयारी चालू आहे. हॅम्बुर्गला एका आश्रमातली पोरकी मुलं रोज विचारायची, नाताळ कधी, नाताळ कधी. तिथल्या पाद्र्याने गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या बसवल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली, म्हणजे मुलांना किती दिवस उरले ते दिसावं. त्याचंच पुढे हिरव्या पानांचं कडं झालं. आपल्या रिसेप्शनवर चार मेणबत्त्यांचं ठेवलंय ना, तेच. ही गोष्ट मला गोड वाटायची. आता तुमच्या लाइनच्या फळ्यावर कोपऱ्यात कोणीतरी मार्करने रोज एक आकडा लिहितं, एकतीस तारखेला किती दिवस उरले तो. काल अठरा होता. सुपरवायझर बघतो, मी बघते, पुसायला कोणी सांगत नाही.

मंगळवारी मी तळेगाव चौकात बसमधून मुद्दाम उतरले. तू टपरीवर एकटाच होतास. मी म्हणाले, "दादा, चहा घेऊ या." तू ग्लास खाली ठेवलास. "मॅडम, तुमची बस सुटंल."

तिथे कंपनीचं कोणी नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी तू कंपनीत लागलास तेव्हा मीच सांगितलं होतं, इथे मला तनू म्हणू नकोस, आपलं नातं कुणाला सांगू नकोस. तू म्हणालास, "बरं मॅडम," आणि डोळा मारलास. घरी आलास की दारातूनच "तने, पाणी आण" म्हणायचास, म्हणजे दिवसभराचं फिटलं. माझे वडील गेल्यावर अण्णांनी मला तुमच्याच घरात वाढवलं. सख्खं आणि चुलत असा काही फरक असतो हे मला पहिल्यांदा कंपनीच्या फॉर्मवर कळलं.

तू रागावला असशील तर रागाव. पण मी काही करू शकत नव्हते. यादी वरून आली.

तुझी,
तनू



चाकण, ऑफिस
बुधवार, २४ डिसेंबर

प्रिय दादा,

हे पत्र ऑफिसातच लिहिते आहे. दुपारपासून शटडाउन लागला. मशीन बंद असली की शेडमध्ये पंख्यांचा आवाज केवढा येतो, हे इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

काल तू कार्यक्रमाला आलास. येणार नाहीस असं वाटलं होतं. तिसऱ्या रांगेत बसला होतास, शेखर शेजारी.

पहिला भाग ठीक झाला. पंचवीस डिसेंबर ही तारीख बायबलात कुठेच नाही, हे सांगितल्यावर लोक जरा सावरून बसले. ऐन थंडीत, सगळ्यांत मोठी रात्र सरून दिवस वाढायला लागतो तेव्हाचे सण तिकडे आधीपासून होते, त्यांच्या आसपासच ती ठरली असावी असं काही अभ्यासक म्हणतात. झाड जर्मनीतून आलं. बर्फात सगळं वाळून जातं तेव्हा ते एकच हिरवं राहतं, म्हणून ते घरात आणायचे. आपलं झाड प्लास्टिकचं आहे, बारा महिने हिरवं, असं मी म्हणाले तेव्हा क्राउस साहेबही हसले.

मग यश. शिस्त, सातत्य, संधी असे तीन शब्द कागदावर होते. पहिले दोन बोलले. तिसऱ्यावर आले आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं. म्हणाले, माझा एक भाऊ आहे. मी आकुर्डीला कॉलेजात होते तेव्हा गावातून वेळेवर बस नव्हती. तो भोसरीला एका वर्कशॉपमध्ये होता. मला सकाळी सोडता यावं म्हणून त्याने दोन वर्षं फक्त तिसरी शिफ्ट घेतली. रात्रभर काम करून लाल डोळ्यांनी गाडी चालवायचा आणि झोप येऊ नये म्हणून मला मागून पाढे म्हणायला लावायचा. त्याच दोन वर्षांत पहिल्या शिफ्टमधली त्याच्या बरोबरीची मुलं पर्मनंट झाली. संधी म्हणजे काय ते मला तिथे कळलं. ती कोणीतरी स्वतःच्या वाट्यातून काढून दिलेली असते.

नाव घेतलं नाही. टाळ्या खूप झाल्या. तूही वाजवल्यास, इतरांइतक्याच.

केक कापताना क्राउस साहेब जवळ आले. विचारलं, तुझा भाऊ आता काय करतो? तू दहा पावलांवर हातात कागदी डिश घेऊन उभा होतास. मी म्हणाले, तो इंजिनिअरिंगमध्ये आहे. ते म्हणाले, छान, छान.

तू ऐकलंस की नाही मला माहीत नाही. डिश टेबलावर ठेवून तू निघून गेलास.

मागच्या पत्रात शेवटी लिहिलं होतं की यादी वरून आली. वरून आकडा आला होता, दादा. नावं इथे भरली. फळ्यावर तुमच्या प्रत्येकाच्या नावापुढे चार भागांची वर्तुळं असतात ना, जेवढं काम येतं तेवढे भाग काळे, त्या वर्तुळांवरून भरली. ज्यांचे जास्त काळे ते राहिले.

तुझं वेल्डिंगच्या रोबोचं वर्तुळ कोरं होतं. सप्टेंबरमध्ये तू त्याच्या ट्रेनिंगचा फॉर्म माझ्याकडे दिला होतास. सुपरवायझरची सही होती, शेरा उत्तम होता. तुला आठवतं, तू म्हणालास, "मॅडम, जरा लौकर चढवा." काम तुला येतच होतं, वर्तुळ भरायला फक्त माझी सही हवी होती. पण नातेवाइकाचा फॉर्म असेल तर आम्ही आधी नातं लिहून द्यायचं आणि सही दुसऱ्याने करायची, असा नियम आहे. नातं लिहिलं असतं तर सहा वर्षं का लपवलं हेही लिहावं लागलं असतं. न लिहिता सही केली असती आणि पुढे कळलं असतं, तर नोकरी गेली असती. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात. फॉर्म खणात ठेवला. पुढच्या महिन्यात यादी निघाली.

तू एका वर्तुळाने खाली राहिलास. ती शेवटची जागा शेखरला गेली.

मी काल सिद्धेश सरांकडे गेले. फॉर्म समोर ठेवला, नातं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्ही मला आज का सांगताय, मॅडम?"

"नाव घालता येईल का, सर?"

"येईल की. एकशे चव्वेचाळीसच राहणार आहेत. एक घाला, एक काढा." त्यांनी कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. "काढायचं ते तुमच्या हाताने लिहून द्या. मी पाठवतो."

ते रागावले नव्हते. त्यांनी माझ्यासाठी चहासुद्धा मागवला.

काढायचं तर एकच नाव होतं. शेखरला रोबो तू शिकवलास. जेवणाच्या सुट्टीत त्याला घेऊन बसायचास, "आरं, हात न्हाई चालवायचा, डोस्कं चालीव" म्हणायचास, ते आम्ही काचेतून बघायचो. सहा तारखेला त्याने बुटातलं पाकीट हातात धरून गावी बापाला फोन केला होता, की आपलं टिकलं. मी पेन घेतलं. टोपण काढलं. चहा निवला. मग टोपण लावून पेन परत सरकवलं.

सर म्हणाले, "फॉर्म घेऊन जा. मी बघितलेला नाही. तुम्हीही काही बोलला नाहीत."

म्हणजे तुला मी दोनदा खोडलं. पहिल्यांदा भीतीने. दुसऱ्यांदा कशाने ते मलाच नीट सांगता येत नाही. शेखरवर दया म्हणावी तर ती तुझ्या जिवावर केली. बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि तुला फोन लावला. वाजून बंद झाला.

तो फॉर्म सोबत जोडला आहे. त्यावर मी सही केली आहे आणि कालचीच तारीख घातली आहे. मागची घालता आली असती, पण त्याचा आता काय उपयोग? दुसऱ्या कंपनीत कोणी विचारलं तर दाखव. ते मानतील की नाही, माहीत नाही. महाळुंगेला, खराबवाडीला ओळखीच्या चौघांना विचारलं. सगळे एकच म्हणाले, मार्चनंतर बघू.

आणखी एक राहिलं. तुला ते माझ्याकडूनच कळावं.

एक तारखेपासून मला बढती आहे. असिस्टंट मॅनेजर. पत्र दोन डिसेंबरलाच हातात आलं होतं. मी ते परत केलेलं नाही. काल जिन्यात उभी असताना परत करावं असं वाटलं, आणि ऑफिसात येईपर्यंत पिंपरीच्या घराचे हप्ते, गणराजच्या कंपनीतली कपात असं सगळं एकेक आठवत गेलं. खरं तर ती कारणं नसती तरी मी घेतली असती. हे वाक्य लिहून मी दोन वेळा खोडलं होतं. आता राहू देते.

नव्या पदाचं पहिलं काम एक दिवस आधी, एकतीस तारखेलाच आहे. अडतीस जणांची गेटपासची कार्डं जमा करून घ्यायची आणि वहीत सही घ्यायची. गेटच्या केबिनमध्ये मीच बसणार आहे. गर्दी नको म्हणून प्रत्येकाला वेळ दिली आहे. तुझी सकाळी अकराची. तुझ्या आधी आणि नंतर अर्धा तास मी कोणालाच लावलेलं नाही.

तू आलास तर काय बोलायचं ते मला सुचलेलं नाही. खुर्ची ठेवायला सांगितली आहे. यायचं नसेल तर कार्ड पुनमवहिनींच्या हाती पाठव. दुसऱ्याकडून घ्यायचं नाही असा नियम आहे, पण मी घेईन. तुझ्या सहीची जागा कोरी ठेवीन. ऑडिटवाले विचारतील तेव्हा तू माझा कोण आहेस ते सांगेन.

पण तूच यावंस असं मला वाटतं. हे मागायचा हक्क मला नाही, हे कळूनही मागते आहे.

अकरा ते साडेअकरा बसून राहीन.

तनुजा